घर आपले, पण कागद कुठे आहे? ठेकेदार, भाडेकरू आणि घरभाड्याचा खरा हिशेब

आपल्या समाजात स्वतःचे पक्के घर बांधणारी पिढी अजून पहिली किंवा दुसरीच आहे. तासगाव शहरात आणि तालुक्यातल्या मणेराजुरी, सावळज, येळावी, कवठेएकंद अशा गावांत हे चित्र सारखेच दिसते. कुणी शिक्षक म्हणून निवृत्त होतो, कुणी एसटीतून, कुणी नगरपरिषदेतून. प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम एकदाच हातात येते. मुलांचे शिक्षण झालेले असते. मग ठरते की खाली आपण राहायचे, वर दोन खोल्या काढायच्या आणि भाड्यावर म्हातारपण काढायचे. विचार चांगला आहे. पण आयुष्यभराची ती रक्कम ज्या व्यवहारात जाते, तो व्यवहार बहुतेक वेळा तोंडी होतो. ठेकेदार ओळखीचा असतो, भाडेकरू पाहुण्यांच्या ओळखीने आलेला असतो. "आपल्यातला माणूस आहे, कागद कशाला?" असे म्हणून काम सुरू होते.

पुढे स्लॅब पडल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही, भाडेकरू सहा महिने भाडे देत नाही आणि खोलीही सोडत नाही. मग कार्यकर्त्यांना बोलावणे येते. आम्ही अशा बैठकांना बसतो तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारतो, "लिहून काय आहे?" आणि उत्तर बहुतेक वेळा एकच येते, "काही नाही."

घरमालकाचे नुकसान वाईट माणसांमुळे होते हे खरे, पण त्याहून जास्त ते कागद नसल्यामुळे होते. कायद्याने घरमालकाला पुष्कळ हत्यारे दिली आहेत. ती वापरायला लिखित पुरावा लागतो. तो पुरावा कसा तयार करायचा, हेच या लेखात क्रमाने मांडत आहोत.

आधी जागा कोणत्या प्रकारची आहे ते पाहा

बांधकामाच्या दराची चौकशी करण्याआधी जागेचा उतारा काढा. शहरात असेल तर सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड, शेतजमिनीचा भाग असेल तर सातबारा, आणि घरपट्टीचा उतारा. घरपट्टी आपल्या नावावर आहे म्हणजे जागा आपल्या मालकीची झाली, हा मोठा गैरसमज आहे. घरपट्टी हा कर आहे, तो मालकीचा पुरावा नाही.

आपल्यासाठी यात एक खास मुद्दा आहे, तो महार वतनाचा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने नष्ट झाली आणि वतनदारांना जमिनी पुन्हा देण्यात आल्या, पण अटीवर. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' अशी नोंद असेल, तर थांबा आणि आधी तलाठ्याकडून जुने फेरफार काढून वाचा. शहर वाढते तशा या जमिनी मोक्याच्या होतात. मग कुणीतरी येऊन सांगतो, "तुम्ही फक्त कुलमुखत्यारपत्र द्या, परवानगीचे आम्ही बघतो. बिल्डिंग झाली की दोन फ्लॅट तुमचे." पुण्यात मुंढव्याच्या महार वतन जमिनीच्या व्यवहारावरून २०२५ मध्ये राज्यभर गदारोळ झाला. त्यातून आपल्याला एक धडा घ्यायचा आहे. कुलमुखत्यारपत्रावर सही करताना आपण आपला हात दुसऱ्याला देत असतो. परवानगी नसलेला व्यवहार अंगावर आला, तर जमीन सरकारजमा होण्याची भीती मूळ वतनदाराच्या वारसांनाच असते.

दुसरा मुद्दा गुंठेवारीचा. सांगली परिसरात एक-दोन गुंठ्यांचे तुकडे साध्या स्टॅम्पपेपरवर विकत घेऊन बांधलेली घरे हजारोंनी आहेत. त्यांच्या नियमितीकरणासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या कामांना त्याचा लाभ खुला केला. असे घर असेल तर वर मजला चढवण्याआधी खालचे नियमित करून घ्या. बेकायदा मजल्यावर बँक कर्ज देत नाही, आणि अशा खोलीचा वाद कोर्टात गेला की समोरचा वकील पहिले बोट त्यावरच ठेवतो.

तिसरा मुद्दा वारसांचा. वडील जाऊन दहा वर्षे झाली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असते. चार भावंडांपैकी एक जण बांधतो आणि भाडे खातो, बाकीचे गप्प बसतात. एक दिवस बहिणीचा मुलगा हिस्सा मागतो. वारसनोंद आणि वाटणीपत्र आधी करा, वीट नंतर लावा.

ठेकेदाराशी बोलताना 'स्क्वेअर फुटाचा दर' पुरेसा नाही

ठेकेदार सांगतो, "इतक्या रुपयांनी स्क्वेअर फूट." आपण शेजाऱ्याच्या दराशी तुलना करतो आणि हो म्हणतो. भांडणाचे मूळ इथेच पडते. हा दर फक्त मजुरीचा की मालासह? मोजमाप कशाचे, भिंतीबाहेरून की आतून? जिना, गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, संडासचा शोषखड्डा त्यात आहेत का? सेंट्रिंगचे भाडे कोणाकडे? पाया अपेक्षेपेक्षा खोल गेला तर जादा पैसे कोण देणार?

शेवटचा प्रश्न आपल्या भागात फार महत्त्वाचा आहे. येरळा आणि अग्रणीच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम किंवा कठीण थर लागेपर्यंत पाया नेला नाही, तर दोन पावसाळ्यांत भिंतींना तिरके तडे जातात. मग ठेकेदार म्हणतो, "जमीनच तशी आहे." जमीन तशी आहे हे त्याला आधीच माहीत होते. म्हणून पायाची खोली इंजिनिअरने नकाशावर लिहून दिलेली हवी. इंजिनिअरची फी वाचवणारा माणूस त्याच्या कितीतरी पट पुढे दुरुस्तीत घालवतो.

ठेकेदाराशी करार लांबलचक नसला तरी चालतो. त्यात पुढच्या गोष्टी मात्र असायलाच हव्यात.

१. मंजूर नकाशाची प्रत आणि कामाचे एकूण क्षेत्रफळ.
२. मालाचे वर्णन. सिमेंट कोणत्या प्रकारचे, सळई कोणत्या मापाची, वाळू की क्रश सँड, फरशीचा आणि नळांचा दर काय धरला आहे. आरसीसी कामाला किमान एम-२० दर्जाचे काँक्रीट, हे लिहून घ्या.
३. कामाची मुदत, आणि उशीर झाल्यास दर आठवड्याला किती रक्कम कापायची.
४. पैशाचे टप्पे.
५. जादा कामाचा दर. 'जादा काम लेखी मान्यतेशिवाय धरले जाणार नाही' हे वाक्य जरूर घाला.

यातला चौथा मुद्दा सगळ्यात मोलाचा. ठेकेदार काम सोडून जातो ते बहुधा आपण केलेल्या कामापेक्षा जास्त पैसे आधीच दिलेले असतात म्हणून. सळई महागणार आहे, दिवाळी आहे, पोरीचे लग्न आहे, अशी कारणे सांगून उचल घेतली जाते. पैसा नेहमी कामाच्या मागे चालला पाहिजे. पाया पूर्ण झाला की पायाचे पैसे, जोते झाले की जोत्याचे, स्लॅब पडून पाणी मारून झाले की स्लॅबचे, मग गिलावा, मग फरशी. एकूण रकमेच्या पाच ते दहा टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा. गळती कुठे आहे ते पावसाइतके स्पष्ट कुणी सांगत नाही. प्रत्येक रक्कम बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख द्यावीच लागली तर वहीत तारीख घालून सही घ्या.

स्लॅबवर कमीत कमी सात ते दहा दिवस पाणी मारायचे असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात चौदा दिवस मारलेले बरे. स्लॅबखालचे टेकू साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला किमान सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस काढायचे नाहीत, असे भारतीय मानक सांगते. सेंट्रिंगचे भाडे वाचावे म्हणून ठेकेदार घाई करतो. तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढा. हा फोटो उद्या पुरावा होतो.

घरकुल योजनेतल्या लाभार्थ्यांनी अधिक सावध राहावे. रमाई आवास असो की प्रधानमंत्री आवास, अनुदान हप्त्याहप्त्याने लाभार्थ्याच्या बँक खात्यावर येते आणि पुढचा हप्ता कामाच्या प्रगतीवर अवलंबून असतो. काही ठिकाणी ठेकेदारच पासबुक आणि एटीएम कार्ड आपल्याकडे ठेवून घेतो. असे कधीही करू देऊ नका. जोत्यावर काम थांबले की पुढचा हप्ता अडकतो आणि नोटीस लाभार्थ्याला येते.

ठेकेदाराने फसवले तर दाद कुठे मागायची? अनेक जण महारेराचे नाव घेतात. पण रेरा हा विक्रीसाठी बांधल्या जाणाऱ्या प्रकल्पांचा कायदा आहे, आणि तोही ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त जागेच्या व आठपेक्षा जास्त सदनिकांच्या प्रकल्पांसाठी. आपल्या प्लॉटवर आपण ठेकेदार लावला, तर रेरा लागू नाही. तिथे उपयोगी पडतो तो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा. त्यातल्या 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट समावेश आहे. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकील लावण्याची सक्ती नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. तोंडी तगाद्यात ती निघून जाते, म्हणून पहिली लेखी नोटीस पोस्टाने लवकर पाठवा. निव्वळ व्यापारासाठी गाळे बांधले असतील तर 'हा ग्राहक नाही' असा आक्षेप येऊ शकतो. तेव्हा दिवाणी दाव्याची तयारी ठेवावी लागते.

एक गोष्ट विसरू नका. साइटवर काम करणारे गवंडी, बिगारी, सेंट्रिंगवाले यांत आपलेच बांधव मोठ्या संख्येने आहेत. ठेकेदाराशी भांडण झाले म्हणून त्यांची मजुरी अडकवू नका. 'मजुरांचे पैसे दर आठवड्याला दिले जातील' ही अट करारातच घाला, आणि त्यांची बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी आहे का तेही विचारा.

अकरा महिन्यांचा गैरसमज

आता भाडेकरूकडे वळू. तासगावात भाड्याने राहणारे कोण? शाळा-कॉलेजातले शिक्षक, बँकांचे आणि सरकारी कार्यालयांचे कर्मचारी, शिकणारी मुले, आणि द्राक्ष-बेदाण्याच्या हंगामात शेड व शीतगृहांच्या कामाला बाहेरून येणारी कुटुंबे. बहुतेक लोक सरळ असतात. तरीही कागद सगळ्यांशी सारखाच करायचा.

सर्वत्र चाललेली पद्धत अशी. झेरॉक्सच्या दुकानातून छापील मसुदा घ्यायचा, स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार टाईप करायचा, नोटरीचा शिक्का मारायचा आणि निश्चिंत व्हायचे. कारण नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, असे ऐकलेले असते.

महाराष्ट्रात मात्र ही निश्चिंती खोटी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार असो की लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदणीकृतही हवा. मुदत अकरा महिने असली तरी हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. आणि याहून घातक भाग पुढे आहे. करार नोंदलेला नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरे धरले जाते. ते खोटे आहे हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो.

तुम्ही तोंडी ४५०० रुपये भाडे ठरवले आणि तो कोर्टात म्हणाला २००० ठरले होते, तर तुम्ही काय दाखवणार? तुम्ही म्हणता लायसन्सवर दिली, तो म्हणतो मी कायम भाडेकरू आहे. नोटरीच्या कागदाने ही बाजू पुरी सावरत नाही.

'भाडेकरू' आणि 'लायसन्सधारक' यांतला फरक नीट समजून घ्या. भाडेकरूला जागेत हक्क मिळतो. लायसन्सधारकाला ठरलेल्या मुदतीपुरती वापराची परवानगी मिळते. राहण्यासाठी दिलेल्या जागेच्या लायसन्सची मुदत संपली आणि तो जागा सोडत नसेल, तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मिळू शकते. हा मार्ग दिवाणी दाव्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे.

खर्चाची भीतीही अनाठायी आहे. मुद्रांक शुल्क संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर आणि अनामत रकमेच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर पाव टक्का, म्हणजे ०.२५ टक्के, इतकेच पडते. नोंदणी फी पाचशे ते हजार रुपये. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात होते किंवा नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आधार आणि अंगठ्याच्या ठशाने ऑनलाईन होते. एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमी खर्चात घर सुरक्षित होते. सोबत पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

दुकानगाळ्यांचे थोडे वेगळे आहे. कलम २४ चा मार्ग फक्त राहण्याच्या जागेसाठी आहे. गाळ्याचा लायसन्सधारक अडून बसला तर दिवाणी न्यायालयातच जावे लागते. म्हणून गाळा देताना अनामत रक्कम जास्त घ्या आणि दुकानाचा परवाना, जीएसटी, वीज मीटर कोणाच्या नावाने आणि कोणत्या करारावर निघतो यावर लक्ष ठेवा.

भाडेकरू जात नाही तेव्हा काय करू नये

राग येतो हे खरे. तरी कुलूप तोडणे, सामान बाहेर फेकणे, पाणी बंद करणे, मीटरचा फ्यूज काढणे यातले काहीही करू नका. अत्यावश्यक सुविधा तोडणे कलम २९ प्रमाणे गुन्हा आहे. ज्याच्याकडे भाडे थकले तो फिर्यादी होतो आणि आपण आरोपी.

जुना कायम भाडेकरू असेल तर पद्धत ठरलेली आहे. भाडे थकले तर लेखी नोटीस द्यायची आणि ९० दिवस थांबायचे. त्यानंतरच दावा. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने थकबाकी व्याजासह भरली तर थकबाकीच्या कारणावर त्याला काढता येत नाही. मात्र कलम १६ मधली इतर कारणे खुली राहतात: परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, पक्के बांधकाम केले, जागेचे नुकसान केले, सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा बंद ठेवली, किंवा आपल्याला स्वतःला जागेची खरी गरज आहे. अशा जुन्या भाड्यात वर्षाला चार टक्के वाढ घेण्याचा हक्क कलम ११ देते. तो बहुतेक मालक वापरतच नाहीत आणि वीस वर्षांनी एकदम दुप्पट मागतात.

"बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो" ही अफवा गावोगाव ऐकू येते. तसे होत नाही. आपल्या परवानगीने राहणाऱ्याचा ताबा विरुद्ध ताबा ठरत नाही, मग ती बारा वर्षे असोत की तीस. पण परवानगीने राहत होता हे दाखवायला पुन्हा कागदच लागतो. म्हणून भाड्याची पावती द्या. पावती देणे कायद्याने मालकाचे कर्तव्य आहे, आणि त्या पावतीच्या स्थळप्रतीवर समोरच्याची सही हा आपलाच पुरावा आहे.

अ‍ॅट्रॉसिटी कायदा: कुठे लागतो, कुठे नाही

कार्यकर्त्यांसाठी हा नाजूक पण आवश्यक मुद्दा आहे. १९९० च्या दुरुस्तीपासून अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातीचे संरक्षण मिळते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीची जमीन किंवा जागा बेकायदा बळकावणे, तिला तिच्या ताब्यातून काढणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. जातीमुळे आपले घर गिळले जात असेल, जातिवाचक शिवीगाळ करून ठेकेदार किंवा भाडेकरू दमदाटी करत असेल, तर हा कायदा ठामपणे वापरलाच पाहिजे.

पण प्रत्येक थकलेल्या भाड्याला हा कायदा लावता येत नाही. हितेश वर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले की केवळ मालमत्तेचा दिवाणी वाद आहे आणि एक बाजू अनुसूचित जातीची आहे, एवढ्यावर गुन्हा होत नाही. शुद्ध पैशाच्या वादात तक्रार दिली आणि ती टिकली नाही, तर पुढच्या खऱ्या पीडिताची वाट अवघड होते. कायदा धारदार ठेवायचा असेल तर तो योग्य जागीच चालवला पाहिजे.

दुसरीकडे, आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असलेला एक हक्क आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि सर्व महिलांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारात तालुका विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करायचा. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नसते आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

भाड्यावर म्हातारपण निघते का?

आता गुंतवणुकीचा हिशेब उदाहरणाने करू. समजा वरच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडांना १८ लाख रुपये लागले. प्रत्येकी ४५०० रुपये भाडे, म्हणजे महिन्याला ९०००, वर्षाला १,०८,०००. वर्षातून एक महिना खोल्या रिकाम्या राहिल्या, ९००० गेले. घरपट्टी-पाणीपट्टी ६००० धरू. रंग, गळती, नळ, मोटार यासाठी खर्चाच्या एक टक्का, १८,००० बाजूला ठेवावेत. हातात उरले ७५,०००. म्हणजे १८ लाखांवर साधारण सव्वाचार टक्के.

याच कामासाठी दहा लाखांचे कर्ज नऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी काढले तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,१४० रुपये येतो. दोन्ही खोल्यांचे भाडे मिळून ९०००. म्हणजे भाडेकरू हप्ता फेडतो हे बोलणे इथे खरे ठरत नाही. शिल्लक रकमेतून, कर्ज न काढता, स्वतःच्या घरावर मजला चढवला तर जागेची किंमत वाढते आणि मुलांना पुढे जागा राहते, हा फायदा आहे. पण निवृत्तीची सगळी पुंजी विटांत घालून दवाखान्यासाठी हात पसरण्याची वेळ येत असेल तर ते घर सुख देणार नाही. भाड्याच्या उत्पन्नावर आयकर लागू होत असेल तर नगरपरिषदेला भरलेला कर वजा करून उरलेल्या रकमेवर ३० टक्के वजावट मिळते, हेही ध्यानात ठेवा.

तथागतांनी गृहस्थांना या बाबतीत फार व्यवहारी उपदेश केला आहे. दीघजाणु कोलियाला त्यांनी चार संपदा सांगितल्या: उद्योगाने मिळवणे, मिळवलेले राखणे, कल्याणमित्रांची संगत आणि आयव्ययाचा तोल सांभाळून जगणे. राखणे म्हणजे राजा, चोर, आग, पाणी आणि नावडते वारस यांच्यापासून राखणे. वारसनोंद, करार, पावती हे सगळे या दुसऱ्या संपदेत येते. सिगालोवाद सुत्तात मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत. एक उपभोगाला, दोन व्यवसायाला आणि एक आपत्तीसाठी राखीव. सगळे चारही भाग एका स्लॅबमध्ये ओतू नका, असाच त्याचा आजचा अर्थ आम्ही घेतो. अनाथपिंडिकाला सांगितलेल्या गृहस्थाच्या चार सुखांत ऋणमुक्तीचे सुखही आहे.

घरमालक झाल्यावर आपली कसोटी

सप्टेंबर १९१७. कोलंबिया विद्यापीठातून आणि लंडनहून शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले आणि त्यांना त्या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये त्यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. त्याच बाबासाहेबांनी पुढे परळच्या चाळीतून निघून दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, तेही ग्रंथांसाठी जागा हवी म्हणून.

शंभर वर्षांनंतरही आडनाव विचारून खोली नाकारली जाते. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातल्या भाड्याच्या घरांचा अभ्यास करून ते दाखवून दिले आहे. आपल्या मुलांना पुण्यात, कोल्हापुरात, सांगलीत 'कोणत्या समाजाचे?' हा प्रश्न आजही ऐकावा लागतो. म्हणून आपण मालक झालो की आपली जबाबदारी वाढते. भाडेकरूची कागदपत्रे पाहा, पगार विचारा, आधीच्या मालकाला फोन करा. जात, धर्म, खाणे विचारू नका. बाहेरगावच्या मजूर कुटुंबाला एका खोलीत दहा जण कोंबून माणशी भाडे घेऊ नका. अनामत रक्कम परत देताना खोटी दुरुस्ती काढू नका. कागद आपले रक्षण करतो तसे समोरच्याचेही करतो, आणि दोघांचेही रक्षण झाले तरच तो करार न्यायाचा.

विहारातून काय करता येईल

तरुण कार्यकर्त्यांनी आपल्या गावात एवढी चार कामे हाती घ्यावीत. पहिले, महिन्यातल्या एका रविवारी वंदनेनंतर विहारात तासभर 'कागदपत्र वाचन' ठेवावे. लोकांनी आपापले उतारे आणावेत, समाजातल्या वकिलाने आणि इंजिनिअरने ते समजावून सांगावेत. दुसरे, ठेकेदाराच्या आणि लायसन्स कराराच्या सोप्या मराठी मसुद्याची फाईल विहारात ठेवावी. तिसरे, वस्तीतल्या वर्ग २ च्या जमिनींची यादी करून वारसनोंदी कुणाच्या राहिल्या आहेत ते पाहावे. ज्येष्ठ मंडळी हयात आहेत तोवर जुन्या फेरफारांची माहिती मिळते. चौथे, तालुका विधी सेवा समिती आणि जिल्हा ग्राहक आयोग यांचे पत्ते व अर्जाचे नमुने विहाराच्या फलकावर लावावेत.

यासाठी फार निधी लागत नाही. ज्यांचे शिक्षण झाले आहे त्यांचा महिन्यातून एक तास लागतो. ज्यांनी नुकतेच घराचे काम काढले आहे किंवा खोली भाड्याने दिली आहे, त्यांनी या आठवड्यात निदान एक काम करावे. कपाटातला करार काढून त्यावर दुय्यम निबंधकाचा शिक्का आहे की नुसता नोटरीचा, ते पाहावे.

जय भीम. नमो बुद्धाय.